रेडक्रॉसचा युद्धकायद्याचा डेटाबेस: बोटींवरच्या हल्ल्यांच्या बातम्या वाचताय तर उघडाच

कॅरिबियनमधल्या बोटींवर अमेरिकेने जे हल्ले केले त्यावर टीव्हीवर नुसता आरडाओरडा, एक म्हणतो ड्रग्जवाले होते मेले तर बरंच झालं, दुसरा म्हणतो हा सरळ खून, पण कायदा नेमका काय म्हणतो ते कोणीच सांगत नाही. त्यासाठी रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचा ऑनलाइन डेटाबेस खरंच कामाचा आहे, आणि फुकट आहे.

सरळ रूढ नियमांच्या भागात जा, म्हणजे करारात नसले तरी देशांच्या वागण्यातून सगळ्यांना लागू झालेले नियम. एकूण 161 नियम, त्यातला 47 वा बघा. जहाज फुटल्यामुळे असहाय झालेल्या माणसावर हल्ला करायचा नाही, फक्त त्याने लढायचा किंवा पळायचा प्रयत्न केलेला नसावा. 2 सप्टेंबर 2025 ला यातल्या एका बोटीवरच्या हल्ल्यात 11 जण मेले, त्यातले दोघं पहिल्या स्फोटातून वाचले होते, दुसऱ्या हल्ल्यात त्यांनाही मारलं. नंतर व्हिडिओ बघून अमेरिकेचे रिपब्लिकन सिनेटर टॉम कॉटन म्हणाले ते बोट सुलटी करत होते म्हणजे अजून लढाईत होते, आणि डेमोक्रॅट खासदार जिम हाइम्स म्हणाले ते संकटात होते, हलायचं साधनच नव्हतं. नियमातली ती अट वाचल्यावरच कळतं दोघं कशावरून भांडतायत! मला हाइम्स यांचंच पटतं, फुटलेल्या बोटीवरचा माणूस कसली लढाई करणार.

जबाबदारीसाठी 153 आणि 154 वाचा. वरिष्ठ कधी दोषी, आणि उघड बेकायदा हुकूम सैनिकाने पाळायचाच नाही. हे नुसतं कागदावर नाहीये, 1944 मध्ये पेलेउस जहाज बुडवून वाचलेल्यांवर गोळ्या झाडणाऱ्या जर्मन पाणबुडीच्या कॅप्टनला ब्रिटिश लष्करी कोर्टाने मृत्युदंड दिला होता, आणि त्याच्या हाताखालच्यांचं ‘हुकूम होता’ हे कोर्टाने ऐकलं नाही.

एक मोठी अडचण मात्र आहे. हा सगळा युद्धाचा कायदा, त्यामुळे नवीन माणूस हे युद्धच आहे असं धरून चालतो. मुळात युद्ध नसेल तर तस्कर म्हणजे गुन्हेगार, बोट अडवायची, झडती घ्यायची, अटक करायची, कोस्ट गार्ड वर्षानुवर्षं तेच करतं, आणि मग पहिला हल्लाही बेकायदाच ठरतो. संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार प्रमुख फोल्कर टुर्क यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये हेच सांगितलं. म्हणून आधी जिनिव्हा करारांच्या सामायिक कलम 3 वरचं (चारही करारांत सारखंच असलेलं कलम) भाष्य वाचा, सशस्त्र संघर्ष कशाला म्हणायचं ते तिथे आहे. भाष्य लांबलचक आहे, इंग्रजी वकिली थाटाचं, मराठीत काही नाही, तरी हा भाग सोडू नका.