एका ईएलसीबीऐवजी चार आरसीबीओ : दादरच्या जुन्या घरातला वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. घरातली ईएलसीबी (करंट अर्थिंगकडे गळू लागला की वीज तोडणारा खटका) वरचेवर पडत असेल, कारण सापडत नसेल आणि खिशाला झेपत असेल, तर अख्ख्या घराला मिळून एक ठेवण्यापेक्षा प्रत्येक सर्किटला वेगळा आरसीबीओ (गळती आणि ओव्हरलोड, दोन्हींवर पडणारा खटका) लावून घ्या. पण न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरी, तपासून न घेता लावलात, तर पहिल्याच दिवशी डोक्याला हात लावाल. आमच्याकडे गेल्या दिवाळीच्या आधी बसवले. थंडी झाली, मे महिन्याचा उकाडा झाला, पावसाळाही सरत आला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

घर दादर पश्चिमेला, सत्तरच्या दशकातल्या इमारतीत, वन बीएचके. वायरिंग एकदाच बदललेलं नाही. कधी किचनचं केलं, कधी एसीसाठी नवी लाइन ओढली, तसं वाढत गेलेलं. डीबीमध्ये (खटक्यांच्या डब्यात) सिंगल पोल एमसीबी, म्हणजे ओव्हरलोडवर पडणारे साधे खटके, आणि सगळ्यांच्या आधी 30 मिलीअँपिअरची एक ईएलसीबी, म्हणजेच आरसीसीबी. ती रात्री सगळे झोपलेले असताना पडायची. मिक्सर लावला की कधी पडायची, कधी ढिम्म. पावसात जास्त, पण फक्त पावसातच असंही नाही.

पहिल्या इलेक्ट्रिशियनने ईएलसीबीच बदलली. आठवड्यात नवीही पडायला लागली. दुसरा म्हणाला, 100 ची टाका नाहीतर काढूनच टाका, अर्धी मुंबई तशीच राहते. हा सल्ला तुम्हालाही कोणी ना कोणी देईल. ऐकू नका. 100 मिलीअँपिअरचं उपकरण गळतीमुळे लागणाऱ्या आगीसाठी ठीक आहे, माणसाला शॉक लागताना वाचवायला 30 च लागते.

तिसरे वायरमन काका ओळखीतून आले आणि मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, घेऊन आले. मी त्यांना अभिमानाने सांगितलं, की मी एकेक एमसीबी बंद करून पाहिलंय, सगळ्या बंद असतानाही एकदा ईएलसीबी पडली, म्हणजे दोष घरात नाहीच. ते म्हणाले, "ताई, फेज बंद केलात. न्यूट्रल कुठे बंद झाला?"

सगळी मेख इथेच होती. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल पट्टीवर सगळ्या सर्किटचे न्यूट्रल एकत्र जोडलेले, ते तसेच राहतात. आरसीसीबी बघते एवढंच, की फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का. घरात कुठेही न्यूट्रल अर्थिंगला चिकटला असेल तर परतीचा थोडा करंट अर्थमधून पळतो आणि हिशोब चुकतो. मिक्सर, इस्त्री असा लोड वाढला की पळणारा वाटाही वाढतो, म्हणून कधी पडते, कधी नाही. आणि तुमच्या घरात सगळं बंद असलं, तरी इमारतीच्या न्यूट्रलवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लोडमुळे एखाद-दोन व्होल्ट असतातच. दीड व्होल्ट आणि वाटेत पन्नास ओहम धरा, झाले 30 मिलीअँपिअर. रात्री वरच्या-खालच्या मजल्यांवर एसी सुरू झाले की आमची ईएलसीबी पडायची, ती यामुळे.

काकांनी मेन बंद करून न्यूट्रल पट्टीवरून एकेक वायर सोडली आणि प्रत्येक वायर अर्थिंगशी 500 व्होल्टच्या मेगरने तपासली. एक मेगओहमच्या वर असायला हवं. बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या पॉइंटला काटा शून्यावर. प्लेट उघडली तर लोखंडी बॉक्सच्या कडेवर काळी वायर दाबून बसवलेली, इन्सुलेशन खरवडलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं आणि खाली ओलसर प्लॅस्टरचा गाळ. बाहेरच्या भिंतीतून ओल येते, ती पावसाळ्यात जास्त. एवढ्याशा खरवड्यासाठी आम्ही एक चांगली ईएलसीबी भंगारात काढली होती.

मग आरसीबीओ कशाला, असं विचाराल. कारण दोष काढल्यावरही गळती उरतेच. एसी, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा करंट अर्थिंगमध्ये सोडतातच, ती बिघाड नसून त्यांची रचनाच तशी आहे. जागेवर पक्क्या असलेल्या मोटरवाल्या यंत्राला मानकांप्रमाणे 3.5 मिलीअँपिअरपर्यंत मुभा आहे. लीकेज क्लॅम्पमध्ये (गळती मोजणाऱ्या चिमट्याच्या मीटरमध्ये) मेनचा फेज आणि न्यूट्रल एकत्र धरल्यावर आमच्याकडे आठच्या वर आकडा दिसला. (नेहमीच्या क्लॅम्प मीटरवर इतका बारीक आकडा दिसत नाही.) 30 ची आरसीसीबी 15 पर्यंत पडता कामा नये आणि 30 ला पडलीच पाहिजे, मधे कुठेही पडू शकते. म्हणजे आठ तर आधीच खर्ची पडलेले. त्यात ओल्या गिझरची भर पडली की संपलं. चार सर्किटमध्ये वाटणी केली, की प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण तीस येतात.

खरेदी लोहार चाळीतून केली. हॉल-बेडरूम, किचन, बाथरूम-बाल्कनी आणि एसी असे चार. टू पोल घेतले, म्हणजे पडल्यावर फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. एसी आणि वॉशिंग मशीनला ए टाइप घ्या. इन्व्हर्टरवाल्या यंत्रांच्या गळतीत डीसीसारखा भाग असू शकतो, तो एसी टाइपला नीट कळत नाही. (इथला एसी टाइप म्हणजे एअर कंडिशनरसाठीचा नव्हे. दुकानदाराशी बोलताना हा घोळ हमखास होतो, तेव्हा डबीवरचं चिन्ह बघून घ्या.) कंपनीचं नाव सांगत नाही. आयएसआय छाप असलेल्यांत फरक फार नाही, फरक वायरिंगने पडतो.

बसवल्यावर हॉलचा पंखा लावला, खटकन हॉलचा आरसीबीओ पडला, पाठोपाठ किचनचाही. पंख्याचा फेज हॉलचा आणि न्यूट्रल किचनच्या लाइनवरून घेतलेला निघाला. जुन्या घरात असा उसना न्यूट्रल सर्रास सापडतो. एकाच ईएलसीबीखाली तो लपून राहतो, वेगळे आरसीबीओ लावताच उघडा पडतो. वायर बदलायला निम्मा दिवस गेला. मजुरी ठरवताना हे काम आधीच धरा.

त्यानंतर थंडीभर आणि उन्हाळाभर जवळपास शांतता. जुलैत पाऊस लागून राहिला आणि उन्हाळाभर बंद ठेवलेला गिझर लावला, तर पाच मिनिटांत बाथरूमचा आरसीबीओ खाली. फ्रिज, पंखे, वायफाय सगळं चालू. पैसे इथे वसूल झाले. गिझरच्या एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती ओल धरते. सील जुनं झालेलं असेल तर पावसाळ्यात पहिला फटका तिथेच बसतो. एलिमेंट बदलला, विषय संपला.

आता तक्रारी. साध्या एमसीबीच्या कित्येक पट किंमत. प्रत्येकाला दोन मॉड्यूल जागा लागते, चारांचे आठ आणि मेन आयसोलेटरचे (मुख्य स्विचचे) दोन, त्यामुळे जुना डीबी काढून बारा वेचा, म्हणजे बारा मॉड्यूल जागेचा, घ्यावा लागला. आमच्या मॉडेलला गळतीने पडला की ओव्हरलोडने, हे कळत नाही. वळवाच्या एका पावसात वीज कडाडली तेव्हा एसीचा उगाच पडला, तसा पुन्हा पडला नाही. टेस्टचं बटण मी महिन्याला दाबते, म्हणजे घड्याळं आणि राउटर पुन्हा लावत बसणं आलं.

आणि हे सगळ्या आजारांवरचं औषध नव्हे. शेजारच्या काकूंची एसीची 16 अँपिअरची एमसीबी मे महिन्यात दुपारी पडायची. गळती नव्हतीच. टर्मिनलचा स्क्रू सैल, वायरचं टोक तपकिरी झालेलं. त्यात एमसीबीचं मोजमाप 30 अंश तापमानाला धरलेलं असतं, बंद डब्यात मे महिन्यात त्याहून बरंच जास्त असतं. टोक कापून स्क्रू आवळल्यावर थांबली. तसंच, एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलात, तर आरसीबीओला काही कळणार नाही.

बजेट दोनाचंच असेल तर एक बाथरूम आणि बाल्कनी मिळून, दुसरा उरलेल्या घराला. तीन झेपत असतील तर तिसरा फ्रिजला द्या, नाहीतर गणपतीला गावी गेल्यावर इथे दुसऱ्याच कशाने तरी खटका पडायचा आणि आल्यावर फ्रिज धुवत बसायचं. डीबीचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. मेन बंद केला तरी मीटरकडून आलेली वायर जिवंतच असते.