विरासत-ए-खालसा: आनंदपूर साहिबच्या संग्रहालयात पंजाब किती दिसतो?

पंजाबच्या रूपनगर जिल्ह्यात, शिवालिकच्या पायथ्याशी वसलेल्या आनंदपूर साहिबला मराठी यात्रेकरू जातात ते बहुधा तख्त केसगढ साहिबच्या दर्शनासाठी, आणि दर्शन, लंगर उरकून पुढच्या मुक्कामाकडे निघतात. गावातच असलेले ‘विरासत-ए-खालसा’ हे संग्रहालय त्यामुळे अनेकांच्या कार्यक्रमात बसत नाही किंवा शेवटच्या तासाभरात घाईघाईने उरकले जाते. हे नुकसान मोठे आहे, कारण पंजाबचा भूगोल, लोकजीवन आणि शीख परंपरेचा इतिहास एकाच छताखाली इतक्या कल्पकतेने मांडणारी दुसरी जागा त्या राज्यात सापडणे कठीण. मात्र पंजाब म्हणजे प्रथम शेतीचा प्रदेश असे मानणाऱ्या, आणि आज ती शेती ज्या पेचात सापडली आहे त्याची उत्तरे शोधणाऱ्या पाहुण्याची भूक येथे अर्धीच भागते.

आधी इमारतीविषयी. खालसा पंथाच्या स्थापनेला १९९९ मध्ये तीनशे वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने हा प्रकल्प हाती घेण्यात आला. तत्कालीन मुख्यमंत्री प्रकाशसिंग बादल यांनी जेरुसलेममधील याद वाशेम येथील, ज्यूंच्या वंशसंहाराच्या स्मृतीसाठी उभारलेले स्मारक पाहिले होते आणि त्याचे वास्तुरचनाकार मोशे सॅफ्डी यांच्याकडेच त्यांनी हे काम सोपवले. पहिला टप्पा नोव्हेंबर २०११ मध्ये आणि दुसरा नोव्हेंबर २०१६ मध्ये खुला झाला. एका घळीच्या दोन काठांवर दोन संकुले असून त्यांना सुमारे १६५ मीटर लांबीचा पादचारी पूल जोडतो. एका बाजूला सभागृह आणि ग्रंथालय, तर दुसऱ्या बाजूला दालने आहेत. मधरंगी वालुकाश्माच्या उंच भिंती किल्ल्यांची आठवण करून देतात. छपरे पोलादी पत्र्याने मढवलेली आणि आत वळलेली आहेत. गुरुद्वाऱ्याच्या घुमटाची नक्कल न करता नेमका त्याच्या उलटा आकार निवडण्याचे धाडस येथे केले आहे, आणि ते साधले आहे. आपल्याकडे वारसा म्हटला की कमानी आणि मेघडंबऱ्या चिकटवण्याचा जो सोस आहे, तो येथे कटाक्षाने टाळलेला दिसतो.

संग्रहालयाचा मुकुटमणी म्हणजे ‘पंज पानी’, अर्थात पाच नद्यांचे पाणी, हे दालन. नावेच्या आकाराच्या या इमारतीच्या आतील भिंती मजलेच्या मजले व्यापणाऱ्या एकाच भित्तिचित्राने भरलेल्या आहेत, आणि चढत्या मार्गावरून चालत जाणाऱ्या प्रेक्षकाला ते वेगवेगळ्या उंचीवरून दिसत राहते. चित्रकार ओरिजित सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगवलेल्या या चित्रात शेते आणि गावे, बाजार आणि कारागीर, सण आणि लग्नकार्ये एकमेकांत मिसळून गेली आहेत. प्रकाशयोजना हळूहळू बदलत जाते, पहाटेचा उजेड दुपारकडे आणि मग रात्रीकडे सरकतो, आणि सोबतीला पंजाबी लोकसंगीत चालू असते. अशा योजनांत तंत्राचा बडेजाव चित्रावर मात करतो, असा सर्वसाधारण अनुभव असतो. येथे तसे होत नाही, कारण चित्रातला तपशीलच इतका दाट आहे की नजर यंत्रणेकडे वळतच नाही. अडचण एकच, ती म्हणजे थांबण्याची. मागून येणाऱ्या गर्दीच्या ओघात चालत राहावे लागले, तर चित्राचा निम्मा ऐवज डोळ्यांखालून निसटतो.

या चित्राचा खरा आनंद घ्यायचा तर पंजाबचा नकाशा मनात पक्का असावा. रावी आणि बियास यांच्यामधला ‘माझा’ नावाचा भाग, बियास आणि सतलज यांच्यामधला दोआबा आणि सतलजच्या दक्षिणेला पसरलेला माळवा हे आजच्या राज्याचे तीन मुख्य भाग आहेत. त्यांची बोली, पिके आणि स्वभाव यांतले फरक पंजाबी माणूस गप्पांच्या पहिल्या पाच मिनिटांतच सांगू लागतो. झेलम आणि चिनाब या नद्यांकाठचा पंजाब १९४७ मध्ये सीमेपलीकडे गेला. इंग्रजांनी कालवे काढून लायलपूरसारख्या ज्या नव्या वसाहती उभ्या केल्या होत्या, त्यांची कसदार, बागायती जमीनही त्यासोबत गेली. तिकडून आलेल्या निर्वासित शेतकऱ्यांना पूर्व पंजाबात जमीन देताना जितके गमावले तितके भरून देणे अशक्यच होते. म्हणून जमिनीचा कस लक्षात घेऊन ‘प्रमाण एकर’ ठरवण्यात आला आणि मोठ्या धारणेला जास्त कपात लावण्यात आली. आजच्या पंजाबातील शेतजमिनीची वाटणी समजून घ्यायची, तर या हिशेबाशिवाय गत्यंतर नाही.

पुढची दालने गुरू नानकांपासून गुरू गोविंदसिंगांपर्यंतचा काळ क्रमाने उलगडतात. येथे जुन्या वस्तूंचा संग्रह नाही. चित्रे, पुतळे, प्रकाश, ध्वनी आणि चित्रफिती यांच्या आधारे कथा सांगितली जाते, आणि दालनात पाऊल टाकताच कानातले श्राव्य मार्गदर्शन आपोआप सुरू होते. पंजाबी, हिंदी आणि इंग्रजी असे तीन पर्याय आहेत. मराठी माणसाने हिंदी घ्यावे, निवेदन सहज समजते. या पद्धतीमुळे लहान मुलेही कंटाळत नाहीत, हा मोठाच फायदा. परंतु अस्सल हस्तलिखित, नाणे किंवा शस्त्र समोर असले की इतिहासाला जे वजन येते, ते येथे येत नाही, आणि ज्याला पुराव्यासह इतिहास पाहायची सवय आहे त्याला हे निवेदन काही ठिकाणी अतिभाविक वाटण्याचा संभव आहे.

मराठी प्रेक्षकाला मात्र या कथेत ओळखीच्या खुणा वारंवार भेटतात. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथात, संत नामदेवांची पदे आहेत, आणि त्यांची संख्या ६१ मानली जाते. नामदेवांचे वास्तव्य झालेल्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले होते. १६९९ च्या वैशाखीला याच आनंदपुरात खालसा पंथ स्थापन करताना गुरू गोविंदसिंगांनी शिर देण्यासाठी दिलेल्या हाकेला उत्तर देत जे पाच जण पुढे आले, त्यांतले साहिबचंद परंपरेनुसार बिदरचे होते. गुरूंचा शेवट १७०८ मध्ये नांदेडला झाला आणि तिथेच भेटलेला बंदासिंग बहादूर त्यांच्या आज्ञेने पंजाबकडे निघाला.

बंदासिंगापासून सुरू होणारा दुसऱ्या टप्प्याचा भाग मला पहिल्याहून अधिक विचारप्रवर्तक वाटला. १७१० मध्ये सरहिंद जिंकल्यावर त्याने जमीनदारांच्या हातातील जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांकडे सोपवण्याचा जो प्रयत्न केला, त्यातून पंजाबातील स्वाभिमानी शेतकरी मालकाची परंपरा सुरू झाली, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यानंतर मिसलींचा, म्हणजे शीख सरदारांच्या स्वतंत्र जथ्यांचा काळ, १७९९ मध्ये लाहोर घेणाऱ्या रणजितसिंगांचे राज्य आणि १८४९ मधील इंग्रजी विलीनीकरण हे प्रवाही रीतीने मांडले आहे. लढायांना मिळालेली जागा पाहता महसूल, सिंचन आणि पिके यांच्या वाट्याला फार थोडे आले आहे, ही माझी तक्रार.

तक्रारीचे कारण संग्रहालयाच्या बाहेर पडताच लक्षात येते. येथून नंगल जवळ आहे. सतलजवरील भाक्रा धरणाचे पाणी नंगलच्या जलविद्युत कालव्याने गंगुवाल आणि कोटला येथील वीजकेंद्रांतून खाली उतरते आणि पुढे माळव्यापर्यंत, हरियाणा आणि राजस्थानपर्यंत पोहोचते. १९६३ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेले हे २२६ मीटर उंचीचे धरण, १९६० च्या दशकाच्या मध्यास आलेले बुटके गहू, लुधियानाचे कृषी विद्यापीठ आणि सरकारी हमीभावाची खरेदी या चार गोष्टींनी देशाच्या क्षेत्रफळाचा दीड टक्का व्यापणाऱ्या या राज्याला देशाचे कोठार बनवले. त्याच ओघात पंजाबी ताटात गव्हाचे आणि मक्याचे स्थान असूनही भाताची लागवड पसरली, १९९७ पासून शेतीला मोफत वीज मिळू लागली आणि विहिरींचे पाणी इतके खाली गेले की २००९ मध्ये भाताची लावणी ठरावीक तारखेआधी करण्यास कायद्याने बंदी घालावी लागली. नद्यांच्या पाण्यावरील राज्याचा हक्क मागणारा अकाली दलाचा १९७३ चा ठराव तर याच गावाच्या नावाने ओळखला जातो. ‘पंज पानी’ असे नाव धारण करणाऱ्या दालनाच्या जोडीला पाण्याची ही कहाणी सांगणारे एक स्वतंत्र दालन असते, तर संग्रहालयाचे मोल दुप्पट झाले असते.

सोयींबाबत थोडक्यात सांगायचे, तर प्रवेश विनामूल्य आहे, सोमवारी संग्रहालय बंद असते आणि जानेवारी व जुलैच्या अखेरच्या आठवड्यात देखभालीसाठीही ते बंद ठेवले जाते. आत छायाचित्रे काढता येत नाहीत. होळीनंतरच्या होला मोहल्ला या शीख उत्सवाच्या दिवसांत गाव माणसांनी फुलून जाते. उत्सव पाहायचा असेल तर त्या दिवसांत अवश्य जावे, परंतु संग्रहालयासाठी तो काळ टाळावा. दोन्ही टप्पे मन लावून पाहायचे तर अर्धा दिवस हाती ठेवावा, सकाळी दारे उघडताच आत जावे आणि ‘पंज पानी’ला घाईत सोडू नये. उरलेल्या दुपारी नंगलच्या रस्त्याने वाहत्या कालव्याच्या काठाकाठाने जाऊन यावे, म्हणजे आतल्या चित्रात न मावलेला पंजाब निदान नजरेखालून जाईल.