सेला की स्टीम? बासमतीचा पहिला कंटेनर भरण्याआधी

आयात-निर्यातीचा कोड (आयईसी) आहे, शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण असलेल्या अपेडाची नोंदणी झाली आहे, दुबईचं एक गिऱ्हाईक बोलतंय आणि हरियाणातल्या कर्नाल-कैथलच्या मिलचे दरही हातात आहेत. वाशीत बसून बासमती बाहेर धाडू पाहणाऱ्याचं गाडं बहुधा इथे येऊन अडतं. 1121 हा लांब दाण्याचा वाण घ्यायचा हे पक्कं, पण सेला (साळ भिजवून उकडलेला) की स्टीम (साळीला नुसती वाफ दिलेला)?

निम्म्या वेळा हा प्रश्न आपला नसतोच. इराण, इराक, सौदीचा घाऊक खरेदीदार बहुतेक वेळा सेलाच मागतो, तिथे स्टीमची बाजू मांडत बसू नये. निवड उरते ती दुबई-मस्कतच्या मिश्र बाजारात किंवा लंडनमधल्या देशी दुकानदाराकडे. त्याला दोन्ही चालतात आणि तो विचारतो, ‘तुमच्याकडे काय चांगलं आहे?’

सेल्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. साळ गरम पाण्यात मुरवून, वाफ देऊन, वाळवून मग कांडलेली असते, त्यामुळे दाणा आतपर्यंत टणक होतो. मिलमधून ट्रक, ट्रकमधून गोदाम, गोदामातून कंटेनर असा तीनदा आपटला तरी फारसा तुटत नाही. हॉटेलवाल्याला तर तो हवाच असतो. तासभर भिजवला, नीट उकळला, की देगीत दोन-तीन तास मोकळा राहतो. नव्या हंगामाचा सेला लगेच पाठवला तरी भात गिच्च होण्याची भीती कमी. स्टीमचं तसं नाही. साळीला भिजवण न देता थोडा वेळ नुसती वाफ दिलेली असते. रंग पांढरा राहतो, वास जास्त टिकतो, पण नवा स्टीम शिजवला तर चिकटतो. त्याला सहा महिने ते वर्षभर जुना होऊ द्यावा लागतो आणि तेवढ्या काळाचं गोदामभाडं नि व्याज दरात येतंच.

एवढं वाचून सेला घ्यावासा वाटेल, आणि पुष्कळ जण घेतातही. घोडं पेंड खातं ते रंगाशी.

करारात बाकी सगळं आकड्यांत बसतं. सरासरी लांबी 8.30 मिलिमीटर, तुकडा 1 टक्का, ओलावा 12.5 टक्के. रंगाच्या रकान्यात मात्र लिहिलेलं असतं ‘क्रीमी’. क्रीमी म्हणजे किती? भिजवणीचं पाणी चार-पाच अंश जास्त तापलं, साळ पाण्यात तासभर जास्त राहिली, वाफेचा दाब वाढला किंवा कापणीनंतर ओली साळ ढिगात तापली, की त्या घाणीचा, म्हणजे एका वेळी उकडलेल्या खेपेचा, दाणा पिवळटपणाकडे एक पायरी सरकतो. 25 टनांच्या कंटेनरमध्ये दोन वेगवेगळ्या घाणींचा माल सहज येतो. एकेक पोतं सुटं पाहिलं तर दोन्ही ठीक दिसतात. काळ्या कागदावर दोन मुठी शेजारी शेजारी पसरल्या की एक हस्तिदंती आणि एक लोण्यासारखी पिवळी, हे लांबूनही कळतं. सॉर्टेक्स, म्हणजे रंग पाहून दाणे निवडणारं यंत्र, काळा दाणा आणि डागी दाणा वेचतं, पण सगळी घाणीच एका छटेने गडद असेल तर ते काही करू शकत नाही.

त्यात सेला साठवणीत आणखी गडद होत जातो. गिऱ्हाइकाच्या टेबलावर दोन महिने उजेडात पडलेली नमुन्याची पिशवी आणि बंद पोत्यातला माल पोचेपर्यंत एकसारखे राहत नाहीत. मग रंगाच्या तक्रारीचे फोटो येतात, तेही दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेले. बाजार उतरलेला असेल तर हे फोटो हमखास येतात, एवढं अनुभवाने म्हणता येईल. व्हाइटनेस मीटर असतो, नाही असं नाही. पण तो दोन्हीकडे असावा लागतो, त्याच बनावटीचा असावा लागतो आणि छोट्या आयातदाराकडे तो क्वचितच दिसतो.

वासाचंही तेच. थंड पाण्यात दिवस-दीड दिवस भिजवलेल्या साळीला आंबूस वास येतो. साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात हेच काम काही तासांत होतं आणि वास फारसा राहत नाही. मिलकडे भिजवणीची पद्धत विचारून घ्यावी. उत्तर गोलमाल आलं तर उकळत्या पाण्यात मूठभर तांदूळ टाकून झाकण उघडून पाहावं.

स्टीममध्येही भांडणं होतातच, मुख्यतः तुकड्यावरून. घाईने वाळवलेल्या दाण्याला बारीक चिरा जातात. दाणा टॉर्चसमोर धरला की आडवी रेघ दिसते. असा माल मिलमध्ये 1 टक्का तुकड्याचा असला तरी पोचेपर्यंत वाढलेला असतो. पण हे भांडण काट्यावर मिटतं. 100 ग्रॅम तांदूळ तोला, पाऊण दाण्यापेक्षा आखूड तेवढे वेगळे काढा, त्यांचं वजन करा. अडीच ग्रॅम निघाले तर करारापेक्षा दीड टक्का जास्त, तेवढा भाव पाडून द्या आणि मोकळे व्हा. स्टीममधलं नुकसान मोजता येतं. सेल्याचा रंग दोन माणसांच्या डोळ्यांत असतो. ज्याच्याकडे अजून उधारीची ताकद नाही आणि गिऱ्हाईकही नवं आहे, त्याला हा फरक दरातल्या फरकापेक्षा मोठा पडावा. म्हणून निवड खरोखर आपल्या हातात असेल तर पहिल्या कंटेनरला माझा कल स्टीमकडे आहे.

मात्र स्टीमचे लाड करावे लागतात. माल वाशीला आणून पुन्हा भरण्यापेक्षा मिलच्या दारातच कंटेनर भरून रेल्वेने गुजरातच्या मुंद्रा बंदराला सोडलेला बरा. एक उचल वाचते, तुकडाही वाचतो. न्हावा शेव्यातून पावसाळ्यात पाठवायचाच असेल तर आतून क्राफ्ट पेपर लावा, शोषक पिशव्या टांगा, नाहीतर छताला धरलेलं पाणी वरच्या थरावर ठिबकतं. हे सेल्यालाही लागू आहे. 25 किलोच्या 1000 पिशव्या भरताना सगळ्यांत खालच्या दोन थरांवर हूक लागू देऊ नका.

युरोपचं बोलणं असेल तर सेला-स्टीम हा वाद दुय्यम आहे. तिथे ट्रायसायक्लाझोल या भातावरच्या बुरशीनाशकाच्या अंशाची मर्यादा 2018च्या तोंडावर किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली तेव्हापासून जुन्या अहवालावर कोणी विसंबत नाही. त्याच लॉटचा अहवाल हवा, तोही पैसे अडकवण्याआधी.

गिऱ्हाईक सेल्यावर अडून बसलं, आणि बरीच बसतात, तर निदान एवढं करावं. ‘नमुन्याप्रमाणे’ एवढ्यावर करार सोडू नये. भरतीच्या ठिकाणचा तपासणी दाखला अंतिम राहील, असं त्यात घालावं. नमुने तीन काढावेत, सीलबंद, अपारदर्शक पाकिटात: एक गिऱ्हाइकाला, एक तपासणी कंपनीकडे, एक आपल्या कपाटात. भरताना दहातल्या एका पोत्यात नळी खुपसून निघालेले दाणे काळ्या कागदावर ओळीने मांडावेत. एखादी ओळ गडद दिसली तर ते पोतं ज्या थप्पीतलं आहे ती थप्पी बाजूला काढावी. आणि हे सगळं ट्यूबलाइट बंद करून, खिडकीपाशी, दिवसाउजेडी.