कार्बन मोनॉक्साइड अलार्म : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहिले पाच महिने या डबीच्या पडद्यावर शून्याखेरीज काही दिसलं नाही. सहाव्या महिन्यात एका रात्री आई आंघोळ करून आली आणि पलंगाच्या कडेला बसूनच राहिली. डोकं जड, मळमळतंय, अंगात ताप नाही. पॅसेजमधल्या अलार्मकडे नजर गेली तर आकडा 46. भोंगा मात्र गप्प!

अलार्म बिघडलेला नव्हता. वायू किती आहे आणि किती वेळ टिकून आहे, दोन्ही बघून तो वाजतो. युरोपीय मानकाप्रमाणे 50 पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग वायू) 60 ते 90 मिनिटांनी, 100 ला 10 ते 40 मिनिटांत आणि 300 ला तीन मिनिटांच्या आत. म्हणून माझं ठाम मत आहे : आकडा दाखवणाराच घ्या. नुसत्या दिव्याच्या अलार्मने त्या रात्री आम्हाला काहीच सांगितलं नसतं.

गॅसचा गिझर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, सगळे बाहेर आलो. आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, 98. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी मात्र तो आकडा धरलाच नाही. कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला दोन्हींतला फरक कळत नाही. त्यांनी रक्त तपासलं आणि मास्कने ऑक्सिजन दिला. सकाळपर्यंत आई सावरली.

मेकॅनिकने गिझरची धुराची नळी दाखवली. सांधा निसटलेला, कडेला काजळी. ज्योत पिवळी पडलेली मी पंधरा दिवस बघत होतो. निळी असायला हवी, हे ठाऊक असूनही मेकॅनिकला बोलावलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

आता अलार्मच्या उणिवा. टेस्टचं बटण दाबलं की भोंगा आणि बॅटरी ठीक आहेत एवढंच कळतं, सेन्सरचं काही कळत नाही. सेन्सरला मुदत असते, माझ्या डबीमागे सात वर्षं छापलंय. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ लावू नका, चार्जिंगच्या वेळी निघणाऱ्या हायड्रोजनने तो फसू शकतो. सिलिंडरच्या गळतीसाठी याचा उपयोग नाही, त्याचा डिटेक्टर वेगळा. बॅटरी उतरली की चिकचिक करतो तेव्हा वैतागून काढून ठेवू नका, बॅटरी बदला.

गेल्या महिन्यात दुसरा अलार्म घेतला. तो आईच्या खोलीत, तिला पलंगावरून आकडा वाचता येईल असा लावलाय.