७ इंची सर्क्युलर सॉ, आठ महिने झाले, दहाही बोटं शाबूत

ही गोल पात्याची विजेवरची करवत दिवाळीच्या आधी लातूरहून आणली. साडेपाच हजार, १४०० वॅट, १८५ मिमीचं पातं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की लोक म्हणतेत जाहिरात करायलास का.

घ्यायचं कारण म्हणजे घरचं लाकूड. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारी फार लांब नाही, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आज्याचं माळवद (मातीच्या छताचं घर) बसलं आणि त्यातल्या सागवानी तुळया-फळ्या तवापासून गोठ्यात रचून ठेवलेल्या. जळणाला घालायचा जीव होईना, मिलवर न्यायचं तर ते म्हणतेत खिळ्याचं लाकूड आम्ही लावत नाही. मंग म्हणलं आपणच कापू, एक दिवाण आणि दोन दारं तरी होतील.

त्याच्या आधी मी पण सगळ्यांसारखं मार्बल कटरला लाकडाचं ४ इंची पातं लावून काम करायचो. आमच्याकडं निम्म्याहून जास्त सुतार तेच करतेत, काहीजण तर तो टेबलाखाली उलटा बांधून वर नुसतं पातं ठेवतेत. पण तो फरशीसाठी बनलेला आहे, फिरतो मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी, कापतो जेमतेम सव्वा इंच आणि कापून उचलला की पातं उघडंच राहतं. सर्क्युलर सॉ मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि मशीन उचललं की खालचा गार्ड आपोआप पात्यावर येऊन बसतो. माझ्या मते पैसे त्या गार्डचेच आहेत, बाकी मोटर काय कुणाचीही फिरते.

आता पहिला झटका. १९ एमएमची प्लायची शीट दोन स्टुलांवर दोन टोकं ठेवून मधोमध कापायला घेतली. अर्ध्यात गेलो आणि शीट स्वतःच्या वजनानं मधी वाकली, कापलेली फट वरून मिटली, पातं चिमटलं आणि मशीन उसळून सरळ माझ्याकडं मागं आलं. पॅन्ट फाटली, मांडीला लागलं नाही, कारण मी जरा बाजूला उभा होतो, ते पण हुशारीनं नाही, तिथं खताची पोती होती म्हणून. गल्लीतल्या सुतार मामांना सांगितलं तर ते हसले, म्हणले हातकरवतीनं फळी उभी चिरताना फटीत पाचर ठोकतेत तेवढं पण माहीत नाही का तुला. खरंय, मशीन आलं म्हणून लाकडाचा स्वभाव बदलत नाही. तवापासून शीट जमिनीवर थर्माकोलच्या जाड तुकड्यांवर पूर्ण टेकवून कापतो, पातं थर्माकोलात गेलं तरी काही बिघडत नाही. लांब फळी उभी चिरायची असली की हातभर कापून थांबायचं, पातं पूर्ण थांबू द्यायचं, फटीत पाचर घालायची, मग पुढं. चालू पातं मागं ओढायचं नाही, रेघ सुटली म्हणून मधीच पिळायचं पण नाही. दोन्ही हात मशीनवर, आणि अंग पात्याच्या रेषेत नाही.

पातं किती खोल सोडायचं ते पण तेव्हाच कळलं. मी पातं पूर्ण खाली सोडून कापायचो, म्हणलं जास्त पातं म्हणजे जोरात कापणार. उलटं आहे. लाकडाच्या खाली एक दात निघेल एवढंच, ४-५ मिमी, ठेवलं की पातं कमी अडकतं आणि खाली उघडं पण कमी राहतं. तुळई मात्र ५ इंच जाड आणि मशीनची कमाल खोली ६५ मिमी, त्यामुळं गुण्यानं (काटकोन बघायचं अवजार) चारी बाजूला रेघ मारून वरून एकदा आणि उलटी करून एकदा.

सगळ्यात जास्त भ्यालो ते कापताना नाही, बंद मशीननं. आमच्याकडं रब्बीत मोटारी चालू झाल्या की लाईटचं काही खरं नसतं. फळी कापताना लाईट गेली, बटण लॉक केलेलं होतं, म्हणजे दाबून न धरता पण चालूच राहतं (अंगठा दुखतो म्हणून मी लॉक करायचो, गाढवपणा), मशीन तसंच फळीवर ठेवून चहाला गेलो. पंधरा मिनिटानं लाईट आली आणि अंगणातून आवाज आला ना, मायला काळीज तोंडात. मशीन अंगणात स्वतःच सरकत होतं, पोरगं दारातच बसलेलं. धावत जाऊन बोर्डाचं बटण बंद केलं. त्या दिवसापासून लॉकच्या बटणाला हात लावत नाही, आणि लाईट गेली की आधी पिन काढायची, मग बाकीचं बोलायचं. व्होल्टेज कमी असलं की तर कापायचंच नाही, पातं रखडतं, आपण जोर लावतो, मोटर तापून वास सुटतो. वायर पण सुरुवातीला टीव्हीची एक्स्टेन्शन वापरली, गरम झाली, आता अडीच एमएमची वायर आणि १६ अँपिअरची पिन लावली.

खिळे. जुन्या तुळईत घडीव खिळे असतेत, डोकं तुटलेलं, वरून दिसत नाहीत. पहिलं पातं दुसऱ्या दिवशीच गेलं, दोन दात उडाले, त्यातला एक चष्म्याला लागून ओरखडा पडला. चष्मा दीडशेचा, डोळ्याचं तुम्हीच बघा. आता जुन्या स्पीकरचा चुंबक आधी लाकडावरून फिरवतो, खोलवरचे खिळे त्यात पण सापडत नाहीत, म्हणून जुन्या लाकडाला वेगळं स्वस्त २४ दाती पातं ठेवलंय आणि प्लायला ४० दाती. प्लाय कापताना चांगली बाजू खाली ठेवायची, दात खालून वर येतेत, फाटतं ते वरची बाजू.

मास्क पण लावा, लाकडाचा भुसा कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे, नुसता खोकल्याचा विषय नाही. गळ्यात गमछा नको, पात्यात अडकतो. हातमोजे पण मी त्याचसाठी घालत नाही.

तक्रारी: बेसप्लेट नव्वद अंशात नव्हती, गुण्या लावून स्क्रू फिरवावा लागला. सोबतचं पातं टाकाऊ. आणि बाभळीचा डिंक न भुसा बसून चौथ्या महिन्यात गार्ड अर्ध्यावर अडकायला लागला, पिन काढून ब्रशनं साफ केला की परत नीट. हे बघत राहावं लागतं, कारण इथंच लोक कंटाळून गार्ड तारेनं वर बांधून टाकतेत.

दिवाण झाला. दारांपैकी एक झालं, दुसऱ्याच्या फळ्या अजून चुंबक फिरवून व्हायच्यात. भावकीतले दोघं मशीन मागायला आले होते, दिलं, पण लॉकचं बटण आधी चिकटपट्टीनं बंद करून दिलं.