पायऱ्या दाखवणारे गणिताचे ॲप: काही महिन्यांच्या वापरानंतर

उदाहरणाचा फोटो काढला की ते पायरीपायरीने सोडवून दाखवणारे एक ॲप माझी दहावीतील मुलगी आणि मी गेले काही महिने नियमित वापरत आहोत. उत्तर बरोबर येते की नाही, हा प्रश्न मी दुय्यम मानला, कारण उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेलीच असतात. अमुक पायरी का घेतली, हे वाचणाऱ्याला कळते का, एवढेच मी पाहत गेलो आणि तेथे बीजगणित व भूमिती यांत मोठी तफावत आढळली.

बीजगणितात ॲपचा खरोखर उपयोग होतो. कंस सोडवणे, पद दुसऱ्या बाजूला नेणे, समान छेद काढणे ही कामे ते चोख करते. मुलीने आधी वहीत पूर्ण सोडवलेले उदाहरण त्याच्याशी ओळीला ओळ लावून पाहिले, की ऋण चिन्ह कोणत्या ओळीत सुटले हे लगेच सापडते. आधी ॲप पाहून मग वहीत उतरवल्यास मात्र हा फायदा उरत नाही.

रीत निवडण्याच्या बाबतीत ते कमी पडते. २क्ष² − ७क्ष + ३ = ० हे समीकरण ते थेट वर्गसमीकरणाच्या ठरलेल्या सूत्रात घालते. येथे गुणाकार ६ आणि बेरीज −७ असलेल्या −६ व −१ या संख्या चटकन दिसतात आणि (२क्ष − १)(क्ष − ३) असे अवयव पडतात, पण ती रीत वेगळी मागावी लागते. पूर्ण वर्ग पद्धती मागितली तर ते आधी २ ने भागते आणि ४९/१६ सारख्या अपूर्णांकांत शिरते. प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत मला येथे फार सुंदर वाटते: वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे ८ ने, गुणायचे. मग १६क्ष² − ५६क्ष + २४ = ० मिळते, त्यावरून (४क्ष − ७)² = २५, आणि एकही मधला अपूर्णांक न येता क्ष = ३ किंवा १/२ ही मुळे हाती येतात. ॲपमध्ये ही रीत नाही. ती मी मुलीला वहीत दाखवली.

एका बाबतीत ॲपची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. √(क्ष + ३) = क्ष − ३ या समीकरणाचा वर्ग केल्यावर १ आणि ६ अशी दोन मुळे मिळतात; ॲप दोन्ही किमती मूळ समीकरणात ठेवून पाहते आणि डावी बाजू २ व उजवी −२ येते म्हणून १ वगळते. परीक्षेच्या घाईत हा ताळा हमखास राहून जातो.

भूमितीत चित्र बदलते. कोनदुभाजकाच्या प्रमेयात त्रिकोण अबक मध्ये अड हा कोन अ चा दुभाजक असतो आणि बड/डक = अब/अक हे साध्य असते. ॲप पक्ष आणि साध्य नीट मांडते आणि पुढच्याच ओळीत सांगते: क मधून अड ला समांतर रेषा काढा, ती वाढवलेल्या बअ ला ई मध्ये छेदू द्या. ही रचना कोठून आली, याबद्दल एक अक्षर नाही. खरे तर प्रमेयाचा सगळा विचार येथेच आहे. बड आणि डक एका रेषेवर आहेत, पण अब आणि अक दोन वेगळ्या रेषांवर. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना सारख्याच प्रमाणात विभागते) लावायचे तर अक एवढीच लांबी अब च्या रेषेवर आणावी लागते, आणि समांतर रेषेमुळे नेमके तेच घडते. अड दुभाजक असल्याने संगत व व्युत्क्रम कोनांवरून त्रिकोण अकई समद्विभुज ठरतो, म्हणून अई = अक. हे कारण समजलेला विद्यार्थी अनोळखी आकृतीतही कोणती रेषा काढावी याचा शोध घेऊ शकतो, तर नुसती रचना पाठ केलेला तेथे अडतो.

याशिवाय, काटकोनासारखा दिसणारा कोन दिलेला नसताना ९०° धरण्याची गंभीर चूकही ॲपने केली आहे, त्यामुळे आकृतीबरोबर पक्ष शब्दांत टाइप करणे आवश्यक ठरते. हस्ताक्षरातील क्ष कधीकधी गुणाकाराचे चिन्ह म्हणून वाचला जातो, पण तो दोष दुरुस्त करणे सोपे आहे.

सिद्धतेतील कारणांचा रकाना मात्र ते काटेकोरपणे भरते: एकरूपता बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने मिळाली की कोबाकोने (कोन-बाजू-कोन), कोन संगत आहेत की व्युत्क्रम, यात गोंधळ होत नाही. म्हणून भूमितीसाठी आम्ही ॲप त्यासाठीच राखून ठेवले आहे. आकृती, पक्ष, साध्य आणि रचना मुलगी स्वतः वहीत करते, रचना सुचेपर्यंत फोन बाजूला राहतो, आणि सिद्धता लिहून झाल्यावर कारणे तपासण्यापुरताच तो उघडला जातो.