‘आपला माणूस’ म्हणवणाऱ्याने जुन्या रेसरच्या टायरांपायी १०,३०० रुपयांना घातलेली टोपी

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणं हेच माझं काम. खोटी पावती ह्याला वासावरून कळते, असं ऑफिसात म्हणतात. तरीही सायकलच्या दोन टायरांपायी माझे १०,३०० रुपये गेले. घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही. बायकोला वाटतंय साडेतीन हजार गेले, आणि तेवढ्यावरच रोज ऐकून घेतोय.

सायकल मामांची. जुनी इंग्लिश रेसर, ड्रॉप हँडल, क्रोमच्या लोखंडी रिमा, पुढच्या नळीवर बगळ्याचा बिल्ला. मामा गेल्यावर ती माझ्याकडे आली. रविवारी सकाळी बेळगावातून राकसकोपच्या तलावापर्यंत नाहीतर खानापूर रोडने जाऊन यायचं, एवढीच हौस. मागचा टायर इतका झिजला की आतले धागे दिसायला लागले, तेव्हा नवीन शोधायला लागलो आणि अडकलो.

माप ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचं थोडं सोडून द्या. ह्या सायकलीला २७ बाय १ १/४ लागतो. रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६३० मिलिमीटर. हल्लीच्या रोड बाईकचं ७०० सी म्हणजे ६२२. आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचं २८ बाय १ १/२ म्हणजे ६३५. त्यात काही कंपन्या ७०० सी च्या टायरवरही २८ छापतात, म्हणजे इंचांवर विसंबलात की मेलात. ६२२ आणि ६३० मध्ये फरक फक्त ८ मिलिमीटरचा, पण ६२२ चा टायर ६३० च्या रिमवर चढत नाही. लिव्हर वाकेल, अंगठ्याचं कातडं जाईल, टायर चढणार नाही. म्हणून विकणाऱ्याला इंच विचारू नका. टायरच्या कडेला ‘३२-६३०’ असं उठवलेलं असतं, तो दुसरा आकडा विचारा.

गावातली दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर: “हे माप आता येत नाही की हो. ७०० ची चाकं घालून टाका.” सांगायला सोपं आहे. चाकं बदलायची म्हणजे ब्रेकची रबरं ४ मिलिमीटर खाली आणावी लागणार. जुन्या ब्रेकचे हात तेवढे खाली पोचले तर ठीक, नाहीतर ब्रेकही नवे. मग मामांची सायकल उरली कुठे? हे माप जगात बंद झालेलं नाही. पॅनारेसर, श्वाल्बे, केंडा ह्यांनी २७ इंची टायर काढलेले आहेत. आपल्या गल्लीत मिळत नाहीत इतकंच. तेव्हा मी बाहेर शोधलं ह्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

जुन्या सायकलवाल्यांच्या एका ग्रुपवर मी विचारलं. तासाभरात एकाचा खासगी मेसेज आला. कोल्हापूरकडचा आहे म्हणाला, जपानी टायर, न वापरलेला जुना स्टॉक, नग ३,४०० रुपये. मी बेळगावचा म्हटल्यावर त्याने लगेच फोनच लावला. “दादा, तुम्ही सीमाभागातले म्हणजे आपली माणसं. तुम्हाला फसवून मी कुठं जाणार?” आमच्या संयुक्त महाराष्ट्राबद्दल पाच मिनिटं बोलला, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाचं विचारलं, बेळगावात मराठी बोर्ड अजून लावू देतात का म्हणून हळहळला. इथे राहणाऱ्या मराठी माणसाला हे कोणी आपुलकीने विचारलं की तो विरघळतो. त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. हिंदीत बोलला असता तर मी ₹१ पाठवला नसता.

आता ती जागा, जी आठवली की रात्री झोप लागत नाही.

मी फोटो मागितले होते, दोन्ही टायरांचे वेगवेगळे. अंदाधुंद पैसे टाकले नाहीत, हे लिहून ठेवा. त्याने दोन फोटो पाठवले. पहिल्यात टायर भिंतीला टेकवलेला, दुसऱ्यात फरशीवर आडवा. दोन्हींत ३२-६३० स्पष्ट. आणि दोन्हींत त्या ६ च्या पोटात पांढऱ्या रंगाचा एक बारीक ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. मी तो पाहिला! फोटो मोठा करून पाहिला. आणि मनात काय म्हटलं? एकाच साच्यातले असतील. अहो, साच्यातून रबर येतं, भिंतीचा डिस्टेंपर येत नाही. दोन्ही फोटो एकाच टायरचे होते. दुसरा टायर त्याच्याकडे नव्हताच. ऑफिसात एकाच बिलाच्या दोन झेरॉक्स जोडून आलेला माणूस मी दारातूनच परत पाठवतो, आणि इथे... जाऊ दे.

दोन नग एकत्र, एका फोटोत, शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून मागा. देत नसेल तर विषय संपला.

६,८०० पाठवले. वर पॅकिंग आणि कुरियरचे ३५०. दुसऱ्या दिवशी फोन: माल परदेशी आहे, पार्सल टॅक्ससाठी अडकलंय, १,१५० भरले की सुटेल, पावती डब्यात टाकतो. कोल्हापुरातून बेळगावात यायला कसला परदेशी टॅक्स, असं तुम्ही आता म्हणाल. पण पूर्वी कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा बघत मोठे झालेले आम्ही. राज्याची हद्द ओलांडली की काहीतरी भरावं लागतं, हे हाडांत बसलंय. जीएसटी आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, राज्यांच्या हद्दीवरचे ते करनाके गेले, हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही. भरले.

डबा आला खरा. पावती नव्हती. एक टायर फोटोतलाच, काळा कुळकुळीत, चकाकणारा. बोट फिरवलं तर बोटाला तेलकट काळं लागलं. मोटारीच्या टायरला शोरूममध्ये चोपडतात ते पॉलिश. दुसऱ्यावर ‘२७’ छापलेलं कागदी लेबल चिकटवलेलं. ते नखाने सोलल्यावर खाली मूळ आकडे निघाले: ३२-६२२. म्हणजे एक बरोबर मापाचा पण मेलेला आणि दुसरा ताजा पण माझ्या रिमवर न चढणारा.

मेलेला आहे हे मात्र तेव्हा कळलं नाही. मागच्या चाकाला चढवला आणि निघालो. पिरनवाडीच्या पुढे बंदुकीसारखा आवाज झाला आणि चाक जमिनीवर बसलं. उतरून पाहिलं तर कड चार बोटं फाटलेली आणि ट्यूब त्यातून बाहेर. घरी येऊन कापडाला रॉकेल लावून पॉलिश पुसलं आणि कड उलटी दुमडून धरली. उन्हाळ्यात राकसकोपचं पाणी आटल्यावर काठाची माती दिसते तशा भेगा सगळीकडे. आतली तार गंजलेली.

तेव्हा टायर हातात आला की आधी कड दुमडून उजेडात बघा, मग चढवा. मोटारीच्या टायरवर कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला त्याचे चार आकडे असतात. सायकलीच्या टायरवर ते असतीलच असं नाही, त्यामुळे ‘न वापरलेला’ ह्या शब्दाला काडीची किंमत नाही. न वापरताही रबर मरतं. आणखी एक, फसवणुकीशी संबंध नाही पण सांगतो. जुन्या लोखंडी रिमांना आतून टायर पकडणारी कड नसते. टायरवर हवेचा दाब ९० पीएसआय लिहिलाय म्हणून ९० भरू नका, टायर उडेल. कडेत लोखंडी तार असलेलाच टायर घ्या, घडी होणारा नको.

फोन केला. उचलला, हे विशेष. “दादा, पोराने चुकून दुसरा डबा पाठवला. बदलून देतो. बदलीचं डिपॉझिट २,००० भरा, माल मिळाला की परत.” भरले. हसा. ८,३०० आधीच बुडत होते, दोन हजारांत ते वर येतील असं वाटलं. जुगारात बसलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल. त्यानंतर त्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे रिफंड जमा होईल. तिथे मात्र मी थांबलो. पैसे यायला पिन लागत नाही, एवढं तरी डोकं जागेवर होतं. मी नकार दिल्यावर नंबर बंद.

आता सरकारी पाहुणचार ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी विचारलं, पैसे कधी गेले? तारखा सांगितल्या तर म्हणाले, लगेच केला असता तर समोरचं खातं गोठवता आलं असतं. लगेच कसा करणार, डबा यायची वाट बघत होतो! पोचक्रमांक मिळाला, बस. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. कुरियरवाला म्हणाला, आम्ही डबा पोचवतो, आत काय आहे ते बघत नाही.

बेळगावातल्या पोलीस स्टेशनात गेलो. टेबलावरच्या साहेबाने आधी विचारलं, “सायकलचा टायर?” आणि शेजारच्याकडे बघून हसला. मग अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. शेजारच्या पोराकडून लिहून घेतला. तो वाचून झाल्यावर उत्तर आलं, आरोपी महाराष्ट्रात आहे, तिकडे द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात गेलो तर तिथला हवालदार मराठीतच बोलला, अगदी गोड: “तुम्ही कर्नाटकात राहता, पैसे तिथून गेले, तिकडेच गुन्हा होईल.” दोन राज्यं आमच्या जमिनीसाठी सुप्रीम कोर्टात भांडतात आणि आमची तक्रार एकालाही नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी कलमाचा कागद पुढे केला. हवालदार म्हणाला, “तुम्ही वकील आहात का?”

ग्राहक आयोगाचंही बघितलं. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. डब्यावरच्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन आलो, तिथे बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. त्यामुळे पैसे पाठवायच्या आधी नाव, पत्ता, खात्यावरचं नाव तिन्ही जुळतात का बघा. माझ्या पैशांच्या खात्यावर कुठल्यातरी बाईचं नाव होतं. त्याने सांगितलं वहिनींचं आहे. मी मान डोलावली.

ग्रुपवर सगळं लिहिलं तर अ‍ॅडमिनने पोस्ट काढून टाकली. इथे वाद नकोत म्हणे.

परवा निपाणीच्या एका ओळखीच्याने एक जाहिरात पुढे पाठवली, “तुला टायर हवे होते ना, बघ.” तोच फोटो, ६ च्या पोटात तोच पांढरा ठिपका, भाव आता ३,९००. मी ताबडतोब फोन लावला. तोवर त्याने टोकन म्हणून १,००० पाठवून झाले होते. आधी १९३० लाव, बाकी मग बोलू, असं ओरडलो. तो म्हणाला, “अरे पण माणूस चांगला वाटला, मराठीच आहे.”